जुनी मशीद : मांडवीच्या इस्राएली मंडळीच्या दोन वास्तू

मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग कधीचं, असं विचारलं की सगळीकडे एकच उत्तर मिळतं : 1796. उत्तर चूक नाही. पण मांडवीत सॅम्युअल स्ट्रीटवर आज जी वास्तू उभी आहे, ती 1796 सालची नव्हे. मंडळी या जागी आली ती 1860 मध्ये. त्याआधीची चौसष्ट वर्षं तिनं याच रस्त्यावर, पण वेगळ्या जागेत काढली. तेव्हा 1796 हे साल मंडळीचं आहे, आजच्या भिंतींचं नाही. बारकावा छोटा वाटेल. पण या समाजाचा इतिहास नीट वाचायचा असेल तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, बाबतीत माणसं आधी आली, वास्तू फार उशिरा आली आणि वास्तूत ठेवायचा ग्रंथ त्याहूनही नंतर आला. हा क्रम कागदांतूनच उलगडतो.

पहिले दोन कागद वास्तूच्याही आधीचे आहेत आणि दोन्ही बाहेरच्या माणसांनी लिहिलेले आहेत. 1738 मध्ये मद्रासकडचा मिशनरी सार्टोरिअस यानं एका पत्रात सुरत आणि राजापूरकडच्या काही लोकांचा उल्लेख केला. हे लोक स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात, त्यांच्याजवळ बायबल नाही, हिब्रू म्हणून त्यांना 'शेमा' ही एकच प्रार्थना येते, असं त्यानं नोंदवलं. दुसरा कागद तीस वर्षांनंतरचा. कोचीनचा मोठा व्यापारी एझेकिएल राहाबी डच कंपनीच्या व्यवहारात होता. त्यानं 1768 मध्ये हॉलंडमधल्या टोबायस बोआसला लिहिलेल्या पत्रात मराठ्यांच्या मुलखात राहणाऱ्या या ज्यूंची हकीकत दिली. ते तेलाचे घाणे चालवतात, काही शिपाईगिरी करतात, शब्बाथ पाळतात आणि शेमा म्हणतात. बाकी धर्माचं ज्ञान त्यांना नाही.

राहाबीचं पत्र हातात घेऊन कोकणातल्या आठवणींकडे वळलं की दोन्ही बाजू जुळतात. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत या लोकांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. परगावच्या व्यापाऱ्याच्या पत्रातली ओळ आणि गावकऱ्यांनी दिलेलं नाव एकच गोष्ट सांगतात, आणि अशी दुहेरी साक्ष इतिहासात सहसा मिळत नाही. सिनेगॉगचा उल्लेख मात्र दोन्ही पत्रांत नाही. धर्म घरातच होता : सुंता, शब्बाथची विश्रांती, सणांचे उपास, एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावानं होणारा मलिद्याचा विधी. लग्न लावायला आणि तंटे मिटवायला काजी असत आणि ते पद झिराडकर, राजपूरकर, शापूरकर अशा ठरावीक घराण्यांत चाले. दहा पुरुष जमले की प्रार्थना होते. त्यासाठी इमारत लागतेच असं धर्मशास्त्र सांगत नाही, आणि कोकणातल्या या लोकांनी शतकानुशतकं इमारतीवाचूनच धर्म सांभाळला.

अठराव्या शतकात कोकणातली इस्राएली घरं मुंबईला येऊ लागली. कंपनीच्या पलटणींत भरती होती, गोदीत आणि बांधकामावर सुतार-गवंड्यांना मागणी होती. वस्ती किल्ल्याबाहेर मांडवी, डोंगरी, उमरखाडी या भागांत झाली. पुढे तिला इस्राएल मोहल्ला म्हणू लागले. गावात एकेक, दोन-दोन घरं होती. इथं गल्लीच्या गल्ल्या एकाच समाजाच्या झाल्या. वास्तूची गरज इथं उभी राहिली असं मला वाटतं. गावात शनिवारी घाणा थांबवला की शब्बाथ पाळला जातो आणि सगळ्या गावाला तो कळतो. शहरात, पलटणीत, परक्यांच्या वेळापत्रकात राहणाऱ्या माणसाला एकत्र यायला जागा लागते.

ती जागा सॅम्युअल एझेकिएल दिवेकर यांनी दिली. बिरादरीत त्यांचं नाव सामाजी हसाजी दिवेकर. कंपनीच्या मुंबई फौजेत ते नेटिव्ह कमांडंट होते, म्हणजे एतद्देशीय माणसाला त्या काळी मिळू शकणाऱ्या वरच्या हुद्द्यांपैकी एकावर. त्यांच्याविषयीची कथा समाजातल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. दुसऱ्या म्हैसूर युद्धात दिवेकर टिपूच्या हाती सापडले. कैद्यांना मारण्याचा हुकूम व्हायचा होता, तेव्हा टिपूच्या आईनं त्यांची जात विचारली. बेने इस्राएल हे उत्तर ऐकून तिला कुराणात आलेलं नाव आठवलं, तिनं मुलाकडे शब्द टाकला आणि दिवेकरांचा जीव वाचला. सुटलो तर देवाचं घर बांधीन असा नवस त्यांनी केला होता, तो त्यांनी फेडला. दुसऱ्या एका कथेत टिपूच्या आईऐवजी कोचीनचे ज्यू येतात. तिथं सुटका कोचीनकरांच्या मदतीनं होते, आणि तिथलं सिनेगॉग पाहून दिवेकरांच्या मनात मुंबईतही असंच काही उभारावं असं येतं.

या कथांचं काय करायचं? त्या खोट्या ठरवून बाजूला सारण्यात मला काही अर्थ दिसत नाही. तशाच्या तशा इतिहास म्हणून छापणंही बरोबर नाही. ज्या गोष्टी इतर नोंदींशी ताडून पाहता येतात त्या पाहाव्यात. मुंबईच्या फौजेचे अनेक लोक टिपूच्या कैदेत गेले हे पक्कं आहे. 1783 मध्ये बेदनूर इथं जनरल मॅथ्यूजच्या सैन्यानं शरणागती पत्करली आणि ते सगळे कैदी झाले. मार्च 1784 मध्ये मंगळूरचा तह झाला आणि कैद्यांची सुटका झाली. मुंबईच्या एका एतद्देशीय अंमलदाराची कैद आणि सुटका या काळात सहज बसते. आईच्या मध्यस्थीला मात्र कथेबाहेर आधार नाही. तिची जागा समाजाच्या स्मृतीत आहे आणि ती तिथंच असावी. एक मुस्लिम स्त्री आपल्या पूर्वजाची रदबदली करते, ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या समाजाबद्दल ती बरंच काही सांगते.

नवस 1784 चा धरला तर तो फेडायला बारा वर्षं का लागली, हाही प्रश्न आहे. माझं उत्तर अनुमानाचं आहे. नोकरीतल्या अंमलदाराला जमीन घेणं, पैसा साठवणं आणि बिरादरीला एका विचारावर आणणं यात तेवढा काळ जाणारच. देऊळ-मशिदींच्या मागे राजा नाहीतर मोठा सावकार असतो. इथं एक पलटणीतला अंमलदार होता.

1796 मध्ये वास्तू उभी राहिली. नाव शाअर हारहामीम, म्हणजे दयेचं दार. कैदेतून सुटलेल्या माणसाला हे नाव सुचावं यात नवल नाही, आणि कथेला बळ देणारी ही एक गोष्ट आहे. इमारत झाली, पण सिनेगॉगचा प्राण म्हणजे सेफेर तोरा, कातड्यावर हातानं लिहिलेली पंचग्रंथीची गुंडाळी. तोराचं वाचन करायचं तर छापील पुस्तक चालत नाही, ही गुंडाळीच लागते. कोकणातून आलेल्या समाजाजवळ ती असण्याचा संभव नव्हता. सार्टोरिअस आणि राहाबी दोघंही तेच सांगून गेले होते. ती आणण्यासाठी दिवेकर कोचीनला गेले आणि 1797 मध्ये तिथंच वारले.

या प्रवासाची तारीख पाहण्यासारखी आहे. कोचीन 1795 च्या ऑक्टोबरपर्यंत डचांकडे होतं. त्या महिन्यात ते इंग्रजांच्या हाती आलं. म्हणजे दिवेकर निघाले तेव्हा मुंबई आणि कोचीन ही दोन्ही टोकं नुकतीच एका झेंड्याखाली आली होती आणि कंपनीच्या अंमलदाराला कोचीन मोकळं होतं. कोचीनमध्ये 1568 चं परदेशी सिनेगॉग होतं, राहाबी घराण्यानं 1762 मध्ये तिथं घातलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या होत्या, हिब्रू जाणणारी माणसं होती. कोचीनशी संबंध दोन्ही कथांच्या बाहेरही टिकतो, कारण दिवेकरांचा मृत्यूच तिथं झाला. म्हणून दोन कथांपैकी कोचीनची बाजू मला अधिक भक्कम वाटते.

कोकणात काजी पिढीजात होता; शहरात पंचायत आली. मुकादम हा मंडळीचा प्रमुख, चौगुला त्याच्या हाताखालचा, गब्बाय खजिना सांभाळणारा, हजान प्रार्थना चालवणारा, शमाश वास्तूची व्यवस्था पाहणारा. पहिले दोन शब्द गावगाड्यातले, पुढचे तीन हिब्रू. गावची रीत आणि धर्माची रीत एकाच यादीत बसली, आणि दंड, देणग्या, लग्न-मयताचे हक्क असे सगळे निर्णय या पाच-सहा माणसांच्या बैठकीत होऊ लागले. भांडणंही तिथंच होऊ लागली.

चाळीस-पन्नास वर्षं मुंबईत ही एकच वास्तू पुरली. या काळाचं मोठं साधन म्हणजे डॉ. जॉन विल्सन यांचं लिखाण. हे स्कॉटिश मिशनरी 1829 मध्ये मुंबईत आले, 1832 मध्ये त्यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं आणि 1838 मध्ये बेने इस्राएलांवर एक निबंध वाचला. विल्सन यांचा हेतू धर्मांतराचा होता. तो लपवलेला नाही, तरी वाचताना ध्यानात ठेवावा लागतो. पण त्यांची नजर बारीक होती : पोशाख, केस राखण्याची पद्धत, सणांची नावं, घरातल्या रीती त्यांनी नोंदवल्या. मिशनच्या शाळांत इस्राएली मुलं गेली, काही जण तिथं शिक्षक झाले, मराठी बायबल घरात आलं. मिशनऱ्यांना हवी असलेली धर्मांतरं मात्र फारशी झाली नाहीत. ज्यांना धर्मग्रंथ मराठीत वाचायला मिळाले ते अधिक कट्टर ज्यू झाले. मिशनच्या श्रमांचं हे फळ सिनेगॉगच्या पदरात पडलं.

त्याच सुमारास कोचीनहून शिक्षक येत होते. शेलोमो सालेम शुराबी हे त्यांतलं सर्वांत आदरानं घेतलं जाणारं नाव. त्यांनी मुंबईतल्या आणि कोकणातल्या लोकांना हिब्रू वाचायला आणि प्रार्थना रीतसर म्हणायला शिकवलं. आता समाज वाढला होता, शिकत होता आणि एका छताखाली मावत नव्हता. मतभेदही झाले. 1840 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जुन्या मंडळीतून काही घरं वेगळी निघाली आणि टणटणपुऱ्यात शाअरे रासोन हे दुसरं सिनेगॉग उभं राहिलं. शुराबी यांनी या नव्या वास्तूसाठी झटून काम केलं आणि 1856 मध्ये निधन होईपर्यंत तिथं हजान म्हणून सेवा केली.

इथं वाचकाला एक सूचना द्यायला हवी, नाहीतर जुने कागद वाचताना घोटाळा होईल. बेने इस्राएल लोक आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत. मांडवीतली जुनी मशीद आणि टणटणपुऱ्यातली नवी मशीद. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी नोंदीत 'नव्या मशिदीत लग्न लागलं' असं वाक्य आलं तर ते इस्राएली लग्न असू शकतं. मस्जिद बंदर स्टेशनचं नाव या जुन्या मशिदीवरून पडलं असं समाजात सांगतात. ते शक्य आहे. पण त्या परिसरात मुसलमानांच्या मशिदीही पुष्कळ, तेव्हा या दाव्याला मी परंपरा म्हणेन, पुरावा म्हणणार नाही.

मुंबईतल्या ज्यूंमध्ये आणखी एक भिंत याच काळात उभी राहिली, आणि तिच्याबद्दल लिहिताना वाईट वाटतं. बगदादकडचे ज्यू व्यापारी मुंबईत आले. डेव्हिड ससून 1832 च्या सुमारास इथं स्थायिक झाले. सुरुवातीला हे लोक बेने इस्राएलांच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला येत, त्यांच्याच स्मशानात माती देत. 1836 मध्ये बगदादी पुढाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला की स्मशानात दोन समाजांमध्ये भिंत घालावी. कोकणातून आलेल्या या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं ज्यूपण त्यांना पुरेसं शुद्ध वाटत नव्हतं. ज्यांनी जागा दिली त्यांच्याच थडग्यांपासून वेगळं होण्याचा हा अर्ज. एका अर्जात एवढा मोठा तुटलेपणा मावू शकतो, म्हणून असे रुक्ष सरकारी कागद वाचायचे असतात.

आता 1860. जुनी मशीद त्या वर्षी त्याच रस्त्यावर आजच्या जागी गेली. त्यानंतर एकच वर्षानं, 1861 मध्ये, भायखळ्याला डेव्हिड ससून यांनी मागेन डेव्हिड बांधलं : मनोरा, उंच खांब, भोवती मोकळी बाग. 1884 मध्ये कोटात याकोब ससून यांनी केनेसेथ एलियाहू उभारलं, गॉस्टलिंग आणि मॉरिस या वास्तुविशारदांकडून. या तिन्ही तारखा शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांत भरतो. ससूनांच्या वास्तूंमागे कापूस, अफू आणि गिरण्यांचा पैसा आहे आणि प्रत्येकीवर एका घराण्याचं नाव आहे. 1860 च्या शाअर हारहामीमला अशी कोणतीही मोठी तिजोरी नव्हती. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1861 मध्ये सुरू झालं आणि मुंबईत कापसाचा पैसा पाण्यासारखा वाहू लागला तो त्यानंतर. तेव्हा जुन्या मशिदीची नवी वास्तू तेजीच्या आधीची आहे. ती उभी राहिली ती पलटणीतल्या सुभेदार-जमादारांच्या पगार-पेन्शनीवर, कारकुनांच्या आणि सुतार-कंत्राटदारांच्या वर्गणीवर, असं मानायला हा कालक्रम भाग पाडतो. मुंबईच्या वारशाच्या यादीत ससूनांच्या इमारतींचं कौतुक होतं, ते व्हावंही. पण पगारदार माणसांनी बिरादरीच्या बळावर उभं केलेलं प्रार्थनालय मला त्याहून मोलाचं वाटतं.

ही वास्तू गल्लीच्या रांगेत इतकी मिसळून गेली आहे की अनोळखी माणूस तिच्यासमोरून सरळ निघून जाईल. आतली मांडणी बेने इस्राएल सिनेगॉगांची नेहमीची. पश्चिमेच्या भिंतीला हेखाल, म्हणजे सेफेर तोरा ठेवायचं कपाट, कारण मुंबईहून येरुशलेम पश्चिमेला. मधोमध कठड्याची तेबा, जिच्यावर उभं राहून हजान प्रार्थना म्हणतो आणि तोरा वाचतो. वर स्त्रियांसाठी सज्जा. एलियाहू हनाबीची खुर्ची, जिच्यावर सुंतेच्या वेळी बाळाला ठेवतात. दाराच्या चौकटीला मेझुझा, त्याला बोट लावून ओठांशी नेत माणसं आत येतात. एझेकिएल राहाबीनं ज्या समाजाला फक्त शेमा येते असं 1768 मध्ये लिहिलं, त्या समाजानं शंभर वर्षांच्या आत हे सगळं स्वतःच्या पैशानं आणि स्वतःच्या अभ्यासानं उभं केलं होतं.

आणि मुंबईचा कित्ता कोकणानं गिरवला. रेवदंड्याला 1842 मध्ये, अलिबागला 1848 मध्ये, पनवेलला 1849 मध्ये, पेणला 1863 मध्ये सिनेगॉग झालं. माणसं गावातून शहरात गेली, वास्तूची कल्पना शहरातून गावात परतली. ठाण्याचं शाअर हाशामाईम 1879 चं.

इमारतींच्या नोंदी सांगतात की मंडळी कुठं बसत होती. ती काय म्हणत होती हे छापील पुस्तकांतून कळतं, आणि ही पुस्तकं मराठी वाचकांनी फारशी पाहिलेली नाहीत याची मला खंत आहे. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनांचं एकामागून एक मराठी भाषांतर केलं. ते डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हागादा मुंबईत 1846 मध्ये शिळाप्रेसवर निघाली आणि 1874 मध्ये पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. या पुण्याच्या हागादेच्या सुरुवातीला चित्रं आहेत. त्यांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका जमिनीवर बसल्या आहेत. कुणी मळते आहे, कुणी लाटते आहे, कुणी भाजते आहे. अंगावर लुगडं आहे आणि बसण्याची ढब कोणत्याही मराठी स्वयंपाकघरातली. इजिप्तमधून सुटकेची कथा सांगणाऱ्या पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर आपल्या आजीसारख्या बायका दिसतात. छापखाना एका अग्निहोत्रींचा, खिळे देवनागरीचे आणि हिब्रूचे, गिऱ्हाईक इस्राएली. एकोणिसाव्या शतकातलं पुणं कसं होतं हे सांगायला हे एक पान पुरेल.

1880 मध्ये बिन्यामिन शिमशोन अष्टमकर यांच्या पुढाकारानं कीर्तनोत्तेजक मंडळ निघालं. आब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं पूर्वरंग-उत्तररंगाच्या वळणावर, साकी-दिंडीच्या चालींत होऊ लागली. हिब्रू न समजणाऱ्या बायका-मुलांपर्यंत धर्मग्रंथ पोचवायला याहून चांगली वाट कोणती असणार होती?

पुढचा प्रवास भरभर सांगता येतो, कारण तो मुंबईच्या सर्वच मध्यमवर्गाचा प्रवास आहे. 1857 नंतर लष्कराची रचना बदलत गेली, बढतीच्या वाटा आखडल्या आणि इस्राएली तरुण रेल्वे, पोस्ट, इस्पितळं, सरकारी कचेऱ्या यांकडे वळले. नोकरीबरोबर वस्तीही उत्तरेला सरकली. पुढे या सरकण्याला प्लेगनंही जोर दिला : 1896 च्या सप्टेंबरात त्याचा पहिला रुग्ण सापडला तो याच मांडवीत. जेकब सर्कलजवळ तिफेरेथ इस्राएल 1886 मध्ये सुरू झालं, उमरखाडीत एट्‌झ हाइम प्रार्थनामंदिर 1888 मध्ये. मागेन हासिदीमची सुरुवात 1904 ची, आग्रीपाड्यातली मोठी वास्तू 1931 ची. 1925 मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकारानं सुधारक पंथाची ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन झाली आणि तिचं रोदेफ शालोम भायखळ्याला आलं. या वास्तू नकाशावर एकीनंतर एक मांडल्या तर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी एक रेघ उमटते. त्या रेघेच्या टोकाला आज ठाणं आहे, जिथं या समाजाची सर्वांत मोठी वस्ती उरली आहे.

हे सगळं लिहिताना ज्या एका पुस्तकावाचून चालत नाही, ते हाइम सॅम्युअल किहीमकर यांचं. किहीमकर हे शिक्षणाला वाहून घेतलेले गृहस्थ. 1875 मध्ये त्यांनी मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली. समाजाचा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहून 1897 मध्ये पुरा केला. दिवेकरांची हकीकत, पंचायतीची पदं, लष्करातल्या अंमलदारांची नावं, कोचीनच्या शिक्षकांच्या आठवणी आपल्यापर्यंत आल्या त्या मुख्यतः त्यांच्यामुळे. लेखकाच्या हयातीत मात्र ते छापलं गेलं नाही. हस्तलिखित चाळीस वर्षं पडून राहिलं आणि शेवटी 1937 मध्ये इम्मान्युएल ओल्सवांगर यांनी संपादून ते तेल अवीवमधून प्रसिद्ध केलं. मांडवीच्या मंडळीचा इतिहास छापायला मुंबईत कुणी पुढं आलं नाही, ही लाजेची गोष्ट आहे.

किहीमकरांवर भिस्त ठेवताना एक भान ठेवलं पाहिजे. ते 1796 नंतर शंभर वर्षांनी लिहीत होते, ऐकलेलं लिहीत होते, आणि बगदादी ज्यूंच्या अविश्वासाला उत्तर म्हणूनही लिहीत होते. आपला समाज प्राचीन आहे, शुद्ध आहे, पराक्रमी आहे, हे सिद्ध करण्याची निकड त्यांना होती. दिवेकरांच्या कथेतली टिपूची आई, अंमलदारांची लांबलचक यादी, नवसाची वास्तू, हे सगळं त्या निकडीच्या उजेडात वाचावं लागतं. तरी जिथं जिथं बाहेरचा कागद सापडतो, सार्टोरिअसचा, राहाबीचा, विल्सनचा, तिथं किहीमकर बहुतेक वेळा खरे उतरतात. ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्या माणसासाठी ही मोठी पावती आहे.

1948 नंतर माणसं इस्राएलला गेली. स्वातंत्र्याच्या वेळी देशात बेने इस्राएलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती, आज भारतात सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार उरले असतील. महाराष्ट्र सरकारनं 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तो मिळाला तेव्हा मांडवीत राहणारी इस्राएली कुटुंबं बोटांवर मोजण्याइतकी होती. लोद, डिमोना, अश्दोद इथल्या घरांत मात्र मराठी अजून बोलली जाते, आणि 'मायबोली' हे त्यांचं मराठी नियतकालिक इस्राएलमधून निघत आलं आहे.

म्हणून शेवटी एक विनंती, आणि ती दोन्ही किनाऱ्यांवरच्या वाचकांना आहे. दिवेकर, किहीमकर, राजपूरकर, अष्टमकर, पेणकर, नवगावकर अशी आडनावं असलेल्या घरांच्या ट्रंकांत अजून खूप काही असणार : लग्नाचे केथुबा, वर्गणीच्या पावत्या, मंडळीच्या सभेची इतिवृत्तं, कीर्तनाच्या वह्या, पहिल्या पानावर जन्ममृत्यू लिहिलेली प्रार्थनापुस्तकं. शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांत आणि जुन्या छापखान्यांच्या माळ्यांवरही यातलं काही सापडेल. पावती म्हटली की ती फेकून द्यायची वस्तू वाटते. पण 1860 ची एखादी वर्गणीची पावती मिळाली, तर ही वास्तू कुणाच्या पैशातून झाली यावर मी वर जे अनुमान मांडलं आहे ते खरं की खोटं हे एका क्षणात ठरेल. असे कागद रद्दीत घालू नका. त्यांच्यावर कुणाचे आणि कुठून आले ते पेन्सिलीनं लिहा, चांगले फोटो काढा, आणि एक प्रत आपल्या सिनेगॉगच्या मंडळीकडे, एक प्रत जवळच्या ग्रंथसंग्रहालयाकडे द्या.